रस्त्याकडेच्या सायडर-मीड टेस्टिंग रूममध्ये जायचे, तर काय पाहावे आणि काय विचारावे?

निंबोणी

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला राहतो. सप्टेंबरअखेर माझे आई-बाबा साताऱ्याहून इकडे येणार असून, त्यांना सॉमरसेटमधल्या सफरचंदांच्या बागा दाखवाव्यात असे मनात आहे. ए-३८ या जुन्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की कडेला सायडरच्या (सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या मद्याच्या) पाट्या लागतात, क्वचित एखादी मीडचीही (मधापासून केलेल्या मद्याची) असते. आत वळले की एक कोठार, काउंटर, त्यामागे लाकडी पिंपे आणि समोर गाड्या लावायला खडीचे अंगण, असे या जागांचे साधारण रूप दिसते. आम्ही आजवर या पाट्यांवरून नुसते पुढे निघून जात आलो आहोत.

बाबा कृषी खात्यातून निवृत्त झाले असून वाईजवळच्या मळ्यात त्यांच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. मधापासून मद्य करतात हे कळल्यापासून फोनवर दर वेळी त्याचीच चौकशी होते. आई मद्याला स्पर्शही करत नाही, परंतु एखादी वस्तू कशी तयार होते हे पाहायला तिला मनापासून आवडते. माझ्या मते अशी जागा म्हणजे मुख्यतः शेतमालावर प्रक्रिया करणारा छोटा कारखाना होय आणि तिथे आई-वडिलांना नेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आमच्या घरातले दुसरे मत असे की हा अखेर गुत्ताच, फक्त फरशी पुसलेली असते. जाणकारांनी कृपया सांगावे, की चांगली जागा कशी ओळखावी, तिथे काय विचारावे आणि न पिणाऱ्या माणसाचा वेळ तिथे बरा जातो का?

सागरगोटा

मध उपासाला चालतो, सफरचंदही उपासाला चालते. मग या दोहोंच्या मीलनातून जे निर्माण होते ते एकादशीला का चालू नये, याचा खुलासा धर्मशास्त्राच्या जाणकारांनी प्रथम करावा, म्हणजे पुढची चर्चा निर्वेधपणे होईल.

टॉन्टनकर

निंबोणीताई, आई-बाबांना अवश्य न्या, आणि शक्य झाल्यास ऑक्टोबरच्या मध्यात न्या. सायडरची सफरचंदे सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात आणि ऑक्टोबरात बहुतेक ठिकाणी गाळप चालू असते. फुलोरा पाहायचा असेल तर एप्रिलअखेर ते मे हा काळ उत्तम. परंतु तेव्हा कोठारात यंत्रे झाकून ठेवलेली असतात आणि पाहण्यासारखे काम चालू नसते.

बाबांना सर्वांत आधी बागेत उभे करा. सायडरची झाडे खाण्याच्या सफरचंदांच्या झाडांपेक्षा वेगळी असतात. फळे वेचून तोडत नाहीत; ती आपोआप पडतात किंवा झाड हलवून पाडतात आणि गवतावरून गोळा करतात. ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन इथे १९०३ मध्ये सायडरसाठी संशोधन संस्था सुरू झाली. तिथे या फळांची आंबटपणा आणि तुरटपणा यांवरून चार गटांत जी विभागणी झाली, तीच आजही वापरली जाते: गोड, आंबट, कडसर-गोड आणि कडसर-आंबट. किंग्स्टन ब्लॅक ही इथली प्रसिद्ध जात कडसर-आंबट गटातली आहे. मालकाची परवानगी घेऊन तिचा एक चावा घ्यायला बाबांना सांगा. पहिल्या क्षणी गोडी लागते, लगेच आंबट लागते आणि मग हिरड्या आवळून येतात, जीभ कोरडी पडते. कच्च्या जांभळाने होते तसे. खायला निरुपयोगी असलेला हा तुरटपणाच पुढे सायडरला अंग देतो. बाजारातल्या गोड सफरचंदांचा सायडर पाणचट का लागतो, हे त्या एका चाव्यात समजते.

त्यानंतर प्रेस, म्हणजे रस काढण्याचे दाबयंत्र, पाहावी. धुतलेली फळे आधी किसून लगदा करतात. जुन्या पद्धतीत तो लगदा कापडात गुंडाळून, फळीवर फळी रचून, कंबरेएवढा थर उभारतात आणि वरून दाब देतात. दाब द्यायला सुरुवात होण्याआधीच नुसत्या वजनाने कडांतून रस पाझरू लागतो. तो तपकिरी असतो, कारण हवेशी संबंध येताच लगदा काळवंडतो. लिटरभर रसाला साधारण दीड ते दोन किलो फळे लागतात आणि उरलेला चोथा बहुधा गुरांपुढे जातो. हा रस हिवाळाभर थंड कोठारात सावकाश आंबतो, म्हणून ऑक्टोबरात तुम्हाला जे चाखायला मिळेल ते मागच्या वर्षीच्या फळांचे असेल.

आईंसाठी ताजा रस असतो. तो पाश्चराइज केलेला आहे का, एवढे विचारून घ्यावे.

कोथरूडकर

इतके वर्णन वाचून मन प्रसन्न झाले, तरी एक विरोधी सूर लावतो. हा सगळा 'शेतावरचे', 'हाताने केलेले', 'पिढीजात' असा शब्दांचा व्यापार आहे. सुपरमार्केटमधल्या बाटलीत जे असते तेच इथे मातीच्या सुरईतून दुप्पट किमतीला दिले जाते. पिंपांपुढे उभे राहून छायाचित्र काढण्याची सोय होते, हाच काय तो फरक. मला मद्याचे वावडे नाही. मात्र पेयपानाला शेतीपर्यटनाचा सोवळा पदर पांघरण्याची सध्याची रीत मला पटत नाही. प्यायचे असेल तर सरळ प्यावे.

टॉन्टनकर

कोथरूडकर साहेब, शब्दांच्या व्यापाराविषयी तुमचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य आहे. तथापि 'तेच असते' हे मान्य नाही. ब्रिटनच्या अबकारी नियमांनुसार एखाद्या पेयाला सायडर म्हणून कर लागायचा असेल तर त्यात किमान ३५ टक्के सफरचंदाचा किंवा पेअरचा रस असावा लागतो. याचाच अर्थ उरलेला भाग पाणी, साखर आणि इतर मान्य पदार्थ असू शकतो, आणि तो रसही आटवलेल्या अर्कापासून पुन्हा पातळ केलेला चालतो. उलट बागेशेजारच्या अनेक कोठारांत संपूर्ण रसाचा सायडर मिळतो. त्यामुळे काउंटरवर विचारायचा पहिला प्रश्न हाच: यात रस किती टक्के आहे आणि फळे कुणाच्या बागेतली? प्रामाणिक मालक झाडाच्या जातीपासून सुरुवात करतो. ज्याला उत्तर द्यायचे नसते तो बाटलीवरच्या चित्राकडे बोट दाखवतो.

या रस्त्यांवर इतकी छोटी कोठारे का टिकली, याचेही कारण करात आहे. वर्षाला ७० हेक्टोलिटर, म्हणजे ७००० लिटरपर्यंत सायडर करणाऱ्याला कित्येक दशके अबकारी शुल्कातून सूट मिळत आली आहे. मीडला ती सवलत नाही. एकाच काउंटरवर सायडर स्वस्त आणि मीड महाग असण्यामागे हे एक कारण आहे. दुसरे कारण अर्थातच मधाचा भाव.

मिशिगनची_माहेरवाशीण

मधाच्या भावाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे घरच्या तळघरात अधूनमधून मीड लावले जाते. बारा-तेरा टक्के मद्यार्क असलेल्या ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीसाठी जवळजवळ पाव किलो मध लागतो. हा हिशेब एकदा मनात बसला की टेस्टिंग रूममधल्या किमतीचे आश्चर्य वाटत नाही. उलट फार स्वस्त मीड दिसले तर शंका घ्यावीशी वाटते. ब्रिटनमध्ये मीड म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत मुळात द्राक्षांची वाइन असते आणि मध केवळ गोडीसाठी घातलेला असतो. त्यात बेकायदा काही नाही, परंतु निंबोणीताईंचे बाबा मधमाश्या पाळणारे आहेत, तेव्हा त्यांनी हे जरूर विचारावे: आंबवला तो मध, की आंबवलेल्या वाइनमध्ये मध घातला?

मीड करणे सायडरपेक्षा सोपे दिसते आणि प्रत्यक्षात अधिक चिकाटीचे असते. सफरचंदाच्या रसात यीस्टला लागणारे पोषण थोडेफार असते. मधात साखर भरपूर आणि नत्र अगदी कमी, त्यामुळे यीस्ट उपाशी राहते, किण्वन रेंगाळते आणि कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत पोषक द्रव्य हप्त्याहप्त्याने घालतात. किण्वन काही आठवड्यांत उरकते; पण नव्या मीडला एक तिखट, जळजळीत धार असते आणि ती मावळायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो. बाटली भरली केव्हा, हा म्हणूनच उपयुक्त प्रश्न आहे.

चाखताना क्रम पाळावा. आधी कोरडे, मग मध्यम, शेवटी गोड. फळे किंवा मसाले घातलेले प्रकार त्याहूनही शेवटी. मध आणि सफरचंदाचा रस एकत्र आंबवलेला सायझर नावाचा प्रकार मिळाला तर तो सोडू नये, कारण सायडर आणि मीड एकाच छपराखाली करणाऱ्याचे कसब त्यात कळते. अतिगोड मीड पहिल्या घोटाला सर्वांना आवडते आणि पेला संपेपर्यंत कुणालाच आवडत नाही, असे माझे निरीक्षण आहे. आमच्याकडे तर दुसऱ्या टोकाचा आग्रह धरणारे नातेवाईक आहेत, जे गुळाच्या खड्याबरोबर मीड पितात. त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही.

वैद्यबुवा

आसव-अरिष्टांचा उल्लेख अजून कुणी केला नाही याचे नवल वाटते. आपल्याकडे काढ्यात किंवा पाण्यात गूळ, मध वा साखर मिसळून त्यात धायटीची फुले घालतात आणि भांड्याचे तोंड बंद करून ते संधानासाठी, म्हणजे आंबण्यासाठी, ठेवतात. द्राक्षासव असो वा दशमूलारिष्ट, त्यांतला मद्यार्क बाहेरून ओतलेला नसून भांड्यातच तयार झालेला असतो. तेव्हा निंबोणीताईंच्या मातोश्रींनी बाळंतपणात दशमूलारिष्ट घेतले असल्यास 'स्पर्शही नाही' हे विधान थोडे सैल करावे लागेल.

एक शंका मात्र आहे. आयुर्वेदात मध तापवणे निषिद्ध मानले आहे. हे लोक मध उकळतात का?

मिशिगनची_माहेरवाशीण

वैद्यबुवा, जुन्या पाककृतींत मध-पाणी उकळून वरचा फेस काढायला सांगितलेले असते. आता बहुतेक कारागीर उकळत नाहीत. फार तर घट्ट मध ओतता यावा म्हणून भांडे कोमट करतात. त्यांचे कारण आयुर्वेदाचे नसून सुगंधाचे आहे. मधाचा फुलांचा वास अतिशय उडून जाणारा असतो आणि उकळल्यावर नुसती गोडी उरते. दोन शास्त्रे वेगळ्या वाटांनी एकाच घरी पोहोचली, असे समजून आपण दोघेही समाधान मानू.

पंचवटी

आमच्या नाशिकला सुला वाइनयार्ड्सने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली, तेव्हापासून 'चाखायला जाणे' ही गोष्ट इकडच्या मध्यमवर्गीय घरांत रुळत गेली. आता मीडही आपल्याकडे होते. पुण्यात मूनशाईन मीडरी आहे, नाशिकात सेराना मीड्स आहे. सातेरी माशीच्या शास्त्रीय नावातला उत्तरार्ध सेराना असाच आहे, हे निंबोणीताईंच्या वडिलांना ऐकून आनंद होईल. पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत १९६२ पासून या माश्यांवर काम चालू आहे आणि महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित केले आहे. म्हणजे कच्चा माल, ज्ञान आणि तहान तिन्ही आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती रस्त्याकडेच्या त्या कोठाराची, जिथे शेतकरी स्वतः काउंटरमागे उभा राहून स्वतःचा माल चाखवतो. आपल्याकडे परवान्यांची वाट इतकी लांब आहे, की पाच पेट्यांच्या मालकाने त्या वाटेला जाऊच नये.

जाता जाता एक तक्रार. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) चाखण्याचे शुल्क भरूनही काउंटरवरच्या मुलाला मध कोणत्या फुलांचा आहे हे सांगता येईना. तो 'नैसर्गिक' एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, की अनैसर्गिक मधमाश्या कुठे पाळतात?

अबोली_लंडन

गाडी कोण चालवणार, हे घरातून निघण्यापूर्वी ठरवा. इंग्लंडमध्ये रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०, आणि भारतात ३०. सायडर सहा-सात टक्क्यांचा असतो आणि मीड बारा-चौदाचे. दोन्ही एकाच आकाराच्या छोट्या पेल्यांतून येतात, त्यामुळे अंदाज हमखास चुकतो. चालकाने पेल्याचा नुसता वास घ्यावा किंवा चूळ भरून थुंकावे. थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले नसल्यास मागून घ्यावे. त्यात अपमान मानणारा मालक मला अजून भेटलेला नाही.

शाकाहारी_आणि_सुखी

एक मुद्दा सर्वांच्या नजरेतून सुटला आहे. पेय नितळ करण्यासाठी काही सायडरवाले जिलेटिन वापरतात आणि काही मद्यांत माशाच्या वाताशयापासून काढलेले आयसिंग्लास वापरले जाते. तयार पेयात ते जवळजवळ उरत नाही. तरी ज्यांना ते पाळायचे आहे त्यांनी विचारून घ्यावे. गढूळ, न गाळलेला, पिंपातून थेट दिला जाणारा फार्महाउस सायडर या बाबतीत सहसा निर्धोक असतो. मीडवर 'व्हीगन' हे लेबल मिळणार नाही, कारण मध हाच त्यांच्या आक्षेपाचा विषय आहे. आपल्याकडच्या शाकाहाराला मधाचे वावडे नसते, पण जैन कुटुंबांत असते, हेही पाहुण्यांना नेताना लक्षात ठेवावे.

देशांतर

थोडे विषयाच्या कडेने जातो. स्पेनच्या बास्क प्रदेशात सान सेबास्टियनजवळच्या आस्तिगारागा गावात जानेवारीपासून साधारण एप्रिलपर्यंत सायडरघरे उघडी असतात. जेवण चालू असताना यजमान 'चोच्' अशी आरोळी ठोकतो आणि सगळे हातातला घास टाकून पिंपापाशी रांगेने उभे राहतात. पिंपाच्या भोकातून बारीक धार लांबवर उडते; ती पेल्याच्या आतल्या कडेवर झेलायची, बोटभर घ्यायची, लगेच प्यायची आणि परत जेवायला बसायचे. तिथे कुणी टक्केवारी विचारत नाही, कारण बोलायला उसंतच मिळत नाही. सॉमरसेटची पद्धत त्या मानाने फारच सभ्य आहे.

कोथरूडकर

टॉन्टनकरांचा ३५ टक्क्यांचा मुद्दा वाचला आणि तो महत्त्वाचा आहे. 'तेच असते' हे माझे शब्द मागे घेतो, 'दुप्पट किंमत' हे ठेवतो. मात्र माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. इथे सगळ्यांनी मालकाला विचारायचे प्रश्न दिले. पाहुण्याने काय करावे हे अबोली यांचा अपवाद वगळता कुणी सांगितले नाही. पाच-सहा जणांचे टोळके जाते, मोफत चव घेते, कोठारात मुले धावतात, तासभर माहिती विचारली जाते आणि मग एकही बाटली न घेता आपली मंडळी गाडीत बसतात. हे दृश्य मी नाशिकात पाहिले आहे, ते सॉमरसेटमध्येही दिसत असणार. शेतकऱ्याचा वेळ फुकट नसतो. ज्यांना पर्यटन करायचे आहे त्यांनी काहीतरी विकत घ्यावे.

टॉन्टनकर

शंभर टक्के सहमत. गाळपाच्या दिवसांत तर हीच माणसे पहाटेपासून प्रेसवर असतात. आधी फोन करावा, शनिवार-रविवारची दुपार टाळावी आणि न पिणाऱ्यांनी निदान रस, सायडर व्हिनेगर किंवा मधाची बरणी घ्यावी.

निंबोणी

सर्वांचे आभार. घरातले दुसरे मत ३५ टक्क्यांपाशी येऊन थोडे नरमले आहे आणि गाडी चालवण्याची जबाबदारी त्याच मताने स्वतःहून घेतली आहे. आईला धागा वाचून दाखवला. दशमूलारिष्टावर ती काही बोलली नाही, मात्र फळ्यांचा थर आणि पाझरणारा रस तिला पाहायचाच आहे.

बाबांनी दोन शंका विचारल्या आहेत. आमच्याकडे मेणाचे झाकण न धरलेल्या पोळ्यातून घाईने काढलेला मध पातळ राहतो आणि बरणीत आपोआप फसफसतो. मग मीड करण्यासाठी मुद्दाम यीस्ट कशाला घालायचे? आणि इकडे कोणता मध चाखून पाहावा? शिवाय परतताना त्यांना बाटल्या न्यायच्या आहेत, त्याचे नियम काय?

मिशिगनची_माहेरवाशीण

बाबांचे निरीक्षण अगदी नेमके आहे. मधात पाणी साधारण २० टक्क्यांहून कमी असते तोवर त्यातले जंगली यीस्ट निपचित पडून राहतात. पाणी वाढले की ते जागे होतात. आंतरराष्ट्रीय मानकात मधातल्या पाण्याची मर्यादा २० टक्के ठेवली आहे ती याच धोक्यासाठी. जंगली यीस्टवर मीड होते आणि काही कारागीर मुद्दाम करतातही, परंतु ते कुठे थांबेल आणि चव कुठे वळेल याची हमी नसते. बरणीतल्या फसफसणाऱ्या मधाला जो आंबूस वास येतो, तो चौदा टक्क्यांच्या बाटलीत कुणालाच नको असतो.

टॉन्टनकर

मधाविषयी सांगायचे तर एक्समूरच्या माळावरच्या हेदर फुलांचा मध शोधा. ऑगस्टमध्ये माळ जांभळा होतो तेव्हा मधपाळ आपल्या पेट्या तिकडे हलवतात. हा मध पोळ्यात जेलीसारखा घट्ट बसतो, मधयंत्रात फिरवून निघत नाही, म्हणून पोळे दाबून काढावा लागतो. बाबांना चमचा बरणीत उभा धरून पाहायला सांगा: ढवळला की पातळ होतो आणि थोडा वेळ ठेवला की पुन्हा घट्ट होतो. त्या आंतरराष्ट्रीय मानकातही हेदरच्या मधाला वेगळी, २३ टक्क्यांची मर्यादा दिली आहे. त्याचे मीड मिळाले तर किंचित कडवट आणि धुरकट लागते, सर्वांना रुचेलच असे नाही.

बाटल्यांचे म्हणाल तर भारतात दर प्रवाशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना नेता येते. मीड न्या. बिनफेसाचे मीड प्रवास चांगला सोसते आणि पुढे वर्षभर कपाटात निवांत राहते. फसफसणारा सायडर, विशेषतः बुच तारेने बांधलेला, इथेच संपवून जावा. आणि बाटल्या चेक-इनच्या सामानात, मध्यभागी, कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात. हातातल्या पिशवीतून नेल्यास सुरक्षा तपासणीत काढून घेतल्या जाण्याची शक्यता असते.

निंबोणी

दोन प्रवासी, म्हणजे चार लिटर. हा हिशेब बाबांनी मला विचारायच्या आधीच केलेला होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी जातो आहोत, फोन करून वेळ घेतली आहे.